गर्भिणीचे अन्न अंगी लागते काय?

धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या उपकेंद्रात गर्भवती स्त्रियांच्या तपासणीच्या दिवशी घटकाभर बसले, तर साधारणपणे एकच संवाद कानी पडतो. "गोळ्या घेतल्या का?" "घेतल्या." "अंगणवाडीचा आहार मिळाला का?" "मिळाला." दोन्ही उत्तरांची नोंद होते आणि पुढच्या बाईला हाक मारली जाते. लोहाच्या गोळीने मळमळते म्हणून गोळ्यांची पाकिटे फळीवरच्या डब्यात साठत चालली आहेत, सकाळी खाल्लेली भाकरी दुपारपर्यंत घशाशी येते, अधूनमधून आव पडते, आणि हे दुखणे आजचे नसून लग्नाच्या आधीपासूनचे आहे, ही सारी हकीकत त्या दोन प्रश्नांत मावत नाही. कोणी विचारीत नाही म्हणून ती सांगत नाही. आणि ती सांगत नाही म्हणून तिला काही होत नाही, असे सर्वजण धरून चालतात.

गर्भवतीच्या पोषणाविषयी आपल्याकडे बोलले जात नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ पासून चालू आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गर्भवतीच्या आहाराला हक्काचे रूप दिले. असे असूनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील ४५.७ टक्के गर्भवती स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. अन्न कमी पडते, हे याचे एक कारण खरेच. पण दुसरेही एक कारण आहे, आणि त्याची चर्चा क्वचितच होते. ताटात पडलेले सगळेच अंगी लागते असे नाही. ज्या स्त्रीचे पोट वर्षानुवर्षे बिघडलेले आहे, तिला अन्न देणे हे अर्धेच काम होय. ते तिच्या पोटात टिकते काय आणि रक्तात उतरते काय, हे पाहणे हे उरलेले अर्धे काम आहे.

पोटाचे गाऱ्हाणे

गर्भारपण आणि पोट यांचे नाते मुळातच नाजूक असते. गर्भ टिकवून धरणारे जे संप्रेरक आहे, तेच आतड्यांचे स्नायू शिथिल करते. त्यामुळे अन्न पुढे सरकण्यास वेळ लागतो, बद्धकोष्ठ होते, जठरातील आम्ल वर घशाशी येते. पहिल्या तीन महिन्यांत मळमळ वा उलटी बहुसंख्य गर्भवतींना होते. हे सर्वांना ठाऊक असल्यामुळेच एक मोठी गफलत घडते. पोटाची कोणतीही तक्रार गर्भवतीने केली की "दिवस गेलेत, असे व्हायचेच" असे उत्तर तयार असते. सासू तेच सांगते, शेजारीण तेच सांगते आणि घाईत असलेला डॉक्टरही कधीकधी तेच सांगतो. जुनी आव, जंत, आम्लपित्त, जठरातील व्रण, संग्रहणी, आतड्याचा क्षय, आतड्याला दीर्घकाळ येणारी सूज, असे निरनिराळे विकार या एकाच वाक्याखाली झाकले जातात.

हे विकार झाकलेले राहिले तर त्याची किंमत दोन जीव मोजतात. लोह लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात शोषले जाते, फॉलिक आम्ल त्याच्या वरच्या भागात, तर ब-१२ हे जीवनसत्त्व पार शेवटच्या टोकाशी. ब-१२ अन्नातून मोकळे होण्यासाठी जठरातील आम्लही लागते. या वाटेवर कोठेही दुखणे असले, तर गोळ्या वेळेवर घेऊनसुद्धा रक्त वाढत नाही. गर्भवतीला नेहमीपेक्षा दररोज सुमारे ३५० किलोकॅलरी अधिक ऊर्जा लागते आणि शेवटच्या तीन महिन्यांत २२ ग्रॅमपर्यंत जादा प्रथिने लागतात, असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशी सांगतात. जिचे रोजचे जेवणच जुलाबावाटे निघून जाते, तिच्या बाबतीत हे आकडे कागदावरच राहतात.

गिरणगावातील एक जुना धडा

या प्रश्नावरील जगातील एक मूलगामी संशोधन महाराष्ट्राच्या भूमीवरच झाले, याचा आपल्याला बहुतेक विसर पडला आहे. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज स्त्री-वैद्यक मुंबईस आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियांना गर्भारपणात एक विचित्र आणि अनेकदा प्राणघातक रक्तक्षय होत असे. त्यात रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी होत, पण आकाराने फुगत. लोहाने हा रक्तक्षय बरा होत नसे. विल्स यांनी या स्त्रियांच्या रक्ताप्रमाणेच त्यांच्या ताटाचीही तपासणी केली. ज्यांच्या जेवणात प्रथिने, फळे आणि भाजीपाला यांची वाण होती, त्यांना हे दुखणे अधिक, असे त्यांच्या ध्यानात आले. अखेरीस यीस्टचा अर्क, म्हणजे बाजारात मिळणारे मार्माइट, देऊन पाहिल्यावर या रुग्ण स्त्रिया झपाट्याने सुधारल्या. हे निष्कर्ष १९३१ साली प्रसिद्ध झाले. यीस्टमधील हा अज्ञात घटक बरीच वर्षे 'विल्स घटक' म्हणून ओळखला जाई. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून तो वेगळा काढण्यात आला आणि त्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. आज प्रत्येक गर्भवतीला मिळणाऱ्या गोळीत लोहाच्या जोडीला जे फॉलिक आम्ल असते, त्याचा उगम मुंबईच्या त्या गिरणी कामगार स्त्रियांच्या दुखण्यात आहे.

पुढे संग्रहणीच्या रोग्यांनाही फॉलिक आम्लाचा गुण येतो असे दिसून आले. म्हणजे एकीकडे आहारातील उणीव आणि दुसरीकडे आतड्याचा विकार, दोन्ही वाटा एकाच रक्तक्षयाशी येऊन मिळतात. गिरणगावाचा धडा तो हाच. रक्त कमी दिसले की गोळी वाढवावी, एवढ्यावर न थांबता ते कमी का झाले, हे विचारावे.

दुसरा धडा पुण्याजवळच्या सहा खेड्यांतून आला. १९९३ साली सुरू झालेल्या पुणे मातृपोषण अभ्यासात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, बाळाच्या जन्मवेळच्या वाढीचा संबंध आईने एकंदर किती खाल्ले यापेक्षा हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध हे तिच्या खाण्यात किती वेळा आले, याच्याशी अधिक होता. ब-१२ ची कमतरता तर त्या गर्भवतींपैकी बहुसंख्य जणींत होती. पोट भरणे आणि पोषण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगणार?

पाणी, दूध आणि मिश्री

आता हे धडे घेऊन धाराशिवकडे वळावे. पर्जन्यछायेतला हा जिल्हा. १९७२ च्या दुष्काळात मिलो खाऊन दिवस काढलेल्या पिढीला पोटाचा आणि पाण्याचा संबंध समजावून द्यावा लागत नाही. उन्हाळ्यात विंधन विहिरी आटतात, टँकर येतो आणि जे पाणी येते ते पिंपात, हौदात साठवून दिवसेंदिवस पुरवले जाते. टीसीएल पावडर पडली की नाही, याची खातरजमा करण्याची सवड ना ग्रामपंचायतीला असते ना घराला. अशा पाण्यातूनच आव, जंत, विषमज्वर आणि कावीळ येते. काविळीचा एक प्रकार, ज्याला हेपटायटिस-ई म्हणतात, इतरांना थोडक्यात सोडतो. पण गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत तो शेकडा वीसच्या आसपास स्त्रियांचा बळी घेऊ शकतो. असे असताना काविळीवर गावठी औषध आणि मीठ-तेलाचे पथ्य यांत मोलाचे दिवस घालवणे म्हणजे जाणूनबुजून आगीशी खेळणे होय.

पाण्याच्या टंचाईचा आणखी एक परिणाम आहे. शौचास जाण्याची सोय नसली किंवा पाणी पुरवून वापरायचे असले, की बाई पाणी पिणेच कमी करते. मग बद्धकोष्ठ होते आणि त्याचा दोष लोहाच्या गोळीवर जातो. पोट साफ होण्यासाठी म्हणून सकाळी मिश्री लावण्याची सवय मराठवाड्यातील खेड्यांत किती खोल रुजली आहे, हे कोणत्याही शिक्षिकेला ठाऊक आहे. मिश्री ही जाळलेली तंबाखू आहे. तिच्यामुळे गर्भाचे वजन कमी भरते. तरीही पोटाचे दुसरे औषध कोणी दिलेले नसल्यामुळे मिश्रीच औषध होऊन बसते.

दुधाचीही तीच कथा. भूम तालुक्याचा खवा प्रसिद्ध आहे आणि त्यावर अनेक कुटुंबे उभी आहेत. उस्मानाबादी शेळीचा लौकिक तर देशभर आहे. पण गोठ्यातले दूध पहाटेच भट्टीकडे किंवा संकलन केंद्राकडे जाते आणि घरातल्या गर्भवतीच्या वाट्याला कोऱ्या चहात घालण्यापुरते उरते. त्या चहाने जेवणातील लोहाचे शोषण आणखी कमी होते. घरातील सगळ्यांची पाने झाल्यावर जी जेवते, तिच्या वाट्याला कालवणाचा तळ आणि गार भाकरी येते. "जास्त खाल्ले तर मूल मोठे होऊन बाळंतपण अवघड जाईल" या समजुतीचा जाच वेगळाच.

ज्वारीचे सामर्थ्य

जिल्ह्याच्या शिवारात मात्र या दुखण्यावरचे पथ्य उभे आहे, किंवा निदान उभे होते. ज्वारी हे इथले जुने अन्न. खरिपात आता सोयाबीनचे राज्य आहे. ते विकले जाते, घरात शिजत नाही. रब्बीची ज्वारी टिकून आहे, पण रेशनचा गहू आणि तांदूळ आल्यापासून भाकरीची जागा पोळीने बरीच घेतली. पोळी वाईट असे कोणी म्हणणार नाही. पण काही थोड्या व्यक्तींच्या आतड्याला गव्हातील ग्लुटेन हे प्रथिन सोसत नाही. जुलाब, पोटफुगी आणि कशानेही न हटणारा रक्तक्षय ही या विकाराची लक्षणे असतात. त्याला सीलिॲक असे नाव आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये युद्धामुळे पावाचा दुष्काळ पडला, तेव्हा सगळा देश उपाशी असताना हा विकार असलेली मुले मात्र सुधारली. विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाचा गव्हावरचा जुना संशय त्यामुळे पक्का झाला. आपल्याकडे हा विकार गहू खाणाऱ्या उत्तर भारतात अधिक आढळतो, मराठवाड्यात त्याचे प्रमाण फार नसावे. पण ज्या गर्भवतीला तो असेल, तिला परदेशी डब्यातले महागडे पीठ शोधण्याची गरज नाही. ज्वारीत ग्लुटेन नसते. मात्र तपासणी होण्याआधीच आपल्या मनाने गहू सोडू नये. तसे केल्यास रक्ताच्या तपासणीत विकार सापडत नाही.

ज्वारीचा दुसरा गुण तिच्या जुन्या पाककृतींत आहे. ज्वारीत लोह असते, पण ते धरून ठेवणारे घटकही असतात. पीठ आंबवून केलेली आंबील, मोड आणलेले हुलगे, मटकी, मूग, जेवणात पिळलेले लिंबू किंवा आवळा, या साध्या गोष्टींनी ते लोह मोकळे होते आणि अन्न पचण्यासही हलके होते. आजीबाईंना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. आंबील पोटाला सोसते हे मात्र ठाऊक होते. जिला ताटभर जेवण जात नाही, तिने दोन वेळच्या जेवणाचे पाच-सहा लहान भाग करावेत. मऊ भाकरी ताकात कुस्करून, मुगाची पातळ खिचडी, ज्वारीच्या कण्या, उकडलेले अंडे, शेंगदाण्याचा कूट घातलेली पालेभाजी असे थोडे थोडे घ्यावे. दूध सोसत नसेल तर दही-ताक बहुधा सोसते. तिखट-तेलकट आणि रात्री उशिराचे जेवण टाळावे आणि जेवल्याबरोबर आडवे होऊ नये.

पथ्य की उपासमार?

येथे एक धोक्याची सूचना आवश्यक आहे. आपल्या समाजात पथ्य म्हणजे काय सोडायचे याची यादी. पोट बिघडले की दूध बंद, डाळ बंद, भाजी बंद, अंडे तर नाहीच. शेवटी चहा-बिस्किटे आणि साबुदाणा एवढेच उरते. त्यात सणावारांचे उपवास. गर्भवतीसाठी खरे पथ्य उलट दिशेने चालते. एक पदार्थ सोसत नसेल तर त्याच्या जागी तितकेच पोषण देणारा दुसरा कोणता, हे शोधणे म्हणजे पथ्य. जागा रिकामी ठेवणे म्हणजे उपासमार.

औषधांच्या बाबतीतही अशीच दोन टोके दिसतात. आतड्याच्या जुन्या सुजेवर उपचार घेणारी स्त्री दिवस राहिल्याचे कळताच भीतीने सगळी औषधे सोडून देते. वस्तुतः त्यांतील बहुतेक औषधे गर्भारपणात चालू ठेवता येतात. मिथोट्रेक्सेटसारखी काही मोजकी मात्र गर्भ राहण्याच्या आधीच थांबवावी लागतात. दुखणे उसळले तर बाळ दिवसांआधी किंवा कमी वजनाचे जन्मण्याचा धोका औषधापेक्षा अधिक असतो. म्हणून निर्णय डॉक्टरांचा असावा, आणि शक्यतो मूल हवे असे ठरते तेव्हाच तो घ्यावा. दुसऱ्या टोकाला पित्ताच्या गोळ्या दुकानातून आणून महिनोन्महिने खाणाऱ्या स्त्रिया आहेत. अशा गोळ्या दीर्घकाळ घेतल्याने लोह आणि ब-१२ यांचे शोषण मंदावते. सतत उलट्या होऊन वजन घटलेल्या गर्भवतीला नुसते ग्लुकोजचे सलाईन चढवणेही योग्य नव्हे. आधी ब-१ हे जीवनसत्त्व द्यावे लागते, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते.

लोहाच्या गोळीविषयी तर घरोघरी सांगायला हवे. शौचास काळे होते म्हणून घाबरू नये. मळमळत असेल तर रात्रीच्या जेवणानंतर घ्यावी. चहा, दूध किंवा कॅल्शियमची गोळी यांच्याबरोबर घेऊ नये. तरीही सोसत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. गोळीचा प्रकार वा प्रमाण बदलता येते आणि गरज पडल्यास शिरेतून लोह देता येते. जंतांवरची गोळी चौथ्या ते सहाव्या महिन्यात देण्याची तरतूद शासकीय कार्यक्रमात आहे. ती मागून घ्यावी.

काही लक्षणे मात्र "दिवस गेलेत" म्हणून सोडून देता येत नाहीत. पाणीही पोटात न ठरणे, लघवी कमी होणे, वजन घटणे, शौचावाटे रक्त पडणे, ताप आणि जुलाब एकत्र असणे, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, डोळे पिवळे होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पाचव्या महिन्यानंतर बरगड्यांखाली दुखू लागले आणि डोके दुखत असेल, अंगावर सूज असेल, तर ते पित्त नसून वाढलेला रक्तदाब असू शकतो. पित्त समजून घेतलेली गोळी अशा वेळी जिवावर बेतते.

उचल घेऊन निघालेली गर्भिणी

या सर्व उपदेशाचा ज्या स्त्रीला सर्वांत कमी उपयोग होतो, ती दिवाळीच्या सुमारास गाव सोडते. कळंब, वाशी, भूम, परंडा या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते आणि नवरा-बायको मिळून एक कोयता असतो. बाईचे दिवस भरत आले तरी कोयता अर्धा होत नाही. फडाजवळच्या कोपीत मिळेल ते पाणी, पहाटे थापलेल्या भाकरी दुपारी आणि पुन्हा रात्री. तिचे अंगणवाडीतील नाव गावी राहते आणि पोटाचे दुखणे तिच्याबरोबर फडात जाते. मार्च-एप्रिलमध्ये ती परतते, तोवर गर्भारपणाचे मोलाचे महिने संपलेले असतात. पोषणाचा हक्क गावाच्या वेशीशी थांबत असेल, तर तो हक्क अपुरा म्हटला पाहिजे. कारखान्याच्या परिसरातील अंगणवाडीने आणि आरोग्य केंद्राने गाळपाच्या मोसमात या स्त्रियांची नोंद आपणहून करावी, ही मागणी अवाजवी नाही.

गरम जेवणाचाही विचार व्हावा. २०१५ मध्ये सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेने आदिवासी क्षेत्रातील गर्भवती आणि स्तनदा मातांना दिवसातून एक चौरस जेवण देऊ केले. धाराशिव त्या क्षेत्रात मोडत नाही. पण केंद्राने २०१८ मध्ये आकांक्षित म्हणून निवडलेल्या जिल्ह्यांत त्याचा समावेश आहे. घरी नेलेला शिधा घरात वाटला जातो. समोर बसवून वाढलेले पान वाटले जात नाही. शिवाय रोज जेवायला येणारी बाई आज का जेवली नाही, हे तेथे कोणाच्या तरी नजरेस पडते.

नजरेस पडणे हीच खरी निकड आहे, आणि त्याची परंपरा या जिल्ह्यात आहे. १९९३ च्या भूकंपानंतरच्या काळात तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच स्त्रियांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केले. ज्या बाईला शेजारणीच्या घरची चूल ठाऊक असते, तिला शेजारणीचे दुखणेही ठाऊक असते, हे त्या कामाचे मर्म होते. भूकंपानंतरच्याच पुनर्वसनातून या भागाशी जोडल्या गेलेल्या, प्रेमा गोपालन यांनी स्थापन केलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने स्त्रियांना घरच्या शेतातील एक एकर स्वतःच्या निर्णयाने, खाण्याची पिके घेऊन कसण्यास प्रवृत्त केले. त्या एकरात डाळी, भाजीपाला आणि ज्वारी आली. बाजारात जाण्याआधी ती घरात आली. या कामाला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार लाभला. पुरस्कारापेक्षाही महत्त्वाचे हे की, काय पेरायचे हे जी ठरवते तिला काय खायचे हेही थोडेफार ठरवता येते.

धाराशिवात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. पोटाच्या तपासणीसाठी प्रत्येक वेळी सोलापूर वा लातूर गाठण्याची पाळी गर्भवतीवर येऊ नये, ही अपेक्षा त्यामुळे वाढली आहे. पण सुरुवातीला यंत्रेही लागत नाहीत आणि नवी योजनाही लागत नाही. उपकेंद्रातल्या त्या दोन प्रश्नांना तिसऱ्या प्रश्नाची जोड मिळावी: "खाल्लेले पोटात टिकते का, ताई?" हा प्रश्न आशा कार्यकर्तीने विचारावा, शिक्षिकेने आपल्या विद्यार्थिनीच्या आईला विचारावा आणि नवऱ्याने घरी विचारावा. आणि विचारल्यावर, उत्तर ऐकून घेण्याइतका वेळ तेथे थांबावे.